औषधालयांतील आजन्म विद्यार्थी : कार्ल विल्हेल्म शेले

परीक्षेचा निकाल लागला आणि उत्तीर्णांच्या यादींत आपलें नांव आलें, म्हणजे शिक्षण संपलें, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. वह्या रद्दींत जातात, पुस्तकें धाकट्या भावंडांच्या वांट्यास येतात, आणि पुढील सर्व आयुष्य त्याच शिदोरीवर काढावयाचें असें आपण मनाशीं ठरवितों. कांहीं धंद्यांत ही समजूत कदाचित् खपून जाईल. परंतु ज्या धंद्यांत परक्याचा जीव आपल्या हातीं असतो, त्यांत ती घातक ठरते. औषधें तयार करून देण्याचा धंदा असाच आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो हें खरें. पण बाटलींत काय पडतें आणि किती पडतें, याची जबाबदारी औषधालयाच्या फळीमागें उभ्या असलेल्या मनुष्यावर असते. त्याचें ज्ञान शिळें झालें, तर त्याचें फळ रोग्यास भोगावें लागतें.

या धंद्यांत राहून जन्मभर विद्यार्थी राहिलेल्या एका थोर पुरुषाचें चरित्र येथें देत आहों. त्याचें नांव कार्ल विल्हेल्म शेले. त्यानें कोणत्याही विद्यापीठाची पदवी घेतली नाहीं. चौदाव्या वर्षापासून मरेपर्यंत तो औषधालयांतच राहिला. आणि तरीही रसायनशास्त्राच्या इतिहासांत त्याचें स्थान पहिल्या पंक्तींत आहे.

इ. स. १७४२ च्या डिसेंबर महिन्यांत स्ट्रालसुंड या गांवीं कार्लचा जन्म झाला. हें गांव आज जर्मनींत आहे. त्या काळीं तो प्रदेश स्वीडनच्या राज्यांत मोडत असे. वडील धान्याचा व्यापार करीत. परंतु कार्ल अगदीं लहान असतांनाच त्यांचें दिवाळें निघालें. अकरा भावंडांत कार्ल सातवा. अशा घरांतील मुलास उच्च शिक्षण कोठून मिळणार? तेव्हां १७५७ मध्यें, वयाच्या चौदाव्या वर्षीं, त्याला स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरीं बाउख नांवाच्या औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस ठेवण्यांत आलें.

त्या काळची उमेदवारी म्हणजे कष्टाचें काम. खल घोटावा, मुळ्या कुटाव्या, अर्क काढावे, बरण्या पुसाव्या, आणि धन्याची आज्ञा पाळावी. मात्र औषधालय हीच त्या काळची खरी प्रयोगशाळा होती. भट्टी, ऊर्ध्वपातनाचीं पात्रें, तेजाब, क्षार, पाऱ्याचीं भस्में, सर्व तेथें हाताशीं असे. बाउखच्या दुकानांत रसायनशास्त्राचे कांहीं जाडे ग्रंथही होते. दिवसाचें काम आटोपल्यावर कार्ल ते ग्रंथ वाची आणि त्यांत लिहिलेलें खरें आहे कीं नाहीं, हें रात्रीं स्वतः करून पाही. त्याचा हा क्रम आठ वर्षें चालला. ग्रंथांत छापलें आहे एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी मानावयाची नाहीं, ही संवय त्याला येथेंच लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाहीं.

१७६५ मध्यें बाउखनें आपलें दुकान विकलें व शेले मालमो शहरीं दुसऱ्या औषधालयांत सहायक म्हणून गेला. तेथील धनी उदार होता. त्यानें शेलेला प्रयोग करण्याची मोकळीक दिली. पगार थोडाच, पण त्यांतील बराच भाग शेले पुस्तकांवर खर्च करी. जवळच्या लुंड येथील विद्यापीठांतील रेट्सियस या तरुण विद्वानाशीं येथेंच त्याची मैत्री जडली. शेले प्रयोग करी, पण ते टिपून ठेवण्याचा त्याला कंटाळा असे. आपण शिकलों तें लिहून ठेवावें, म्हणजे तें इतरांच्या उपयोगी पडतें, हा धडा या मित्रानें त्याला दिला.

१७६८ मध्यें तो राजधानी स्टॉकहोम येथें आला. येथें त्याच्यावर कठीण प्रसंग आला. नव्या धन्यानें त्याला चिठ्ठ्यांप्रमाणें औषधें बांधून देण्याच्या कामावर बसविलें. भट्टीशीं त्याचा कांहींएक संबंध राहिला नाहीं. दुसरा एखादा निराश होऊन बसला असता. शेलेच्या वांट्यास फक्त एक खिडकी होती, आणि त्या खिडकींतून ऊन येत असे. त्यानें त्या उन्हाचाच उपयोग केला! चांदीचा एक पांढरा क्षार उन्हांत ठेवला असतां काळा पडतो. पण कोणत्या रंगाच्या किरणांनीं तो अधिक लवकर काळवंडतो, हें त्यानें लोलकाच्या साहाय्यानें पडताळून पाहिलें आणि जांभळ्या किरणांचा परिणाम सर्वांत शीघ्र होतो असें त्याला आढळलें. पुढें छायाचित्रणाची कला ज्या गुणधर्मावर उभी राहिली, त्याचा अभ्यास एका कंपाउंडरनें दुकानाच्या खिडकींत केला होता.

याच सुमारास दारूच्या पिंपांत सांचणाऱ्या खड्यापासून त्यानें टार्टरिक आम्ल शुद्ध रूपांत वेगळें केलें. आपल्या चिंचेंतील आंबटपणा याच आम्लाचा आहे. त्याचे निबंध मात्र तेथील विज्ञान-परिषदेनें प्रथम स्वीकारले नाहींत. त्यावर अभिप्राय देणारा पंडित होता उप्साला विद्यापीठाचा प्रसिद्ध अध्यापक टॉर्बर्न बर्गमन. शेलेच्या मनाला ही गोष्ट लागली. पण त्यानें प्रयोग थांबविले नाहींत.

दैवयोगानें १७७० मध्यें तो उप्साला येथील औषधालयांत नोकरीस गेला. तेथें एक चमत्कार सर्वांस कोड्यांत टाकीत होता. सोरा पुष्कळ वेळ तापवून थंड केला व त्यावर सिरक्याचें आम्ल ओतलें, तर त्यांतून तांबूस वाफा निघत. न तापविलेल्या सोऱ्यांतून त्या निघत नसत. बर्गमनलाही याचें कारण सांगतां येईना. त्याचा शिष्य गान हा औषधालयांत आला असतां शेलेनें त्याला याचा उलगडा करून दिला : तापविल्यानें सोऱ्यांतील आम्ल पालटतें व त्याचें एक निराळें, दुर्बळ आम्ल बनतें. गाननें हें गुरूच्या कानीं घातलें आणि दोघांची भेट घडवून आणिली. बर्गमनचा मोठेपणा असा कीं, ज्याचा निबंध आपण बाजूस सारला, त्या दुकानांतील सहायकाकडून शिकण्यास त्याला कमीपणा वाटला नाहीं. शेलेनेंही जुना राग धरिला नाहीं. पुढें दोघे जन्माचे मित्र झाले.

उप्सालामधील पांच वर्षें ही शेलेच्या आयुष्यांतील सुगी होय. बर्गमनच्या सूचनेवरून त्यानें मँगॅनीजच्या काळ्या खनिजाचा अभ्यास आरंभिला व तीन वर्षें तो नेटानें चालविला. १७७४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत, हें खनिज मिठाच्या तेजाबांत घातलें असतां निघणाऱ्या एका हिरवट पिवळ्या, गुदमरविणाऱ्या वायूचें वर्णन आहे. या वायूनें फुलांचे व पानांचे रंग उडून जातात हेंही त्यानें पाहिलें. हाच क्लोरीन, आज शहरोशहरीं पिण्याचें पाणी निर्जंतुक करण्यास तो वापरतात.

ह्याहूनही मोठा शोध याच काळांतला आहे. सोरा, पाऱ्याचें तांबडें भस्म वगैरे पदार्थ तापवून निघणारा वायु तो बैलाच्या मूत्राशयाच्या पिशवींत सांठवी. या वायूंत जळती मेणबत्ती धरली असतां ती डोळे दिपतील अशा तेजानें जळे. हाच प्राणवायु. शेलेला तो १७७१-७२ च्या सुमारासच मिळाला होता. इंग्लंडांत प्रीस्टली याला तो १७७४ मध्यें मिळाला. परंतु त्यानें आपला शोध लवकर छापला, आणि शेलेचा ग्रंथ मुद्रणाच्या दिरंगाईमुळें १७७७ पर्यंत बाहेर पडला नाहीं. पुष्कळ वर्षें जगानें सगळा मान प्रीस्टलीस दिला. आज दोघांचीं नांवें बरोबरीनें घेतलीं जातात.

१७७५ च्या फेब्रुवारींत, ज्या विज्ञान-परिषदेनें एकदां त्याचे निबंध परत लावले होते, तिनेंच त्याला आपला सभासद निवडलें. त्या वेळीं तो कोण होता? परीक्षा न दिलेला, दुसऱ्याच्या दुकानांत राबणारा एक सहायक!

त्याच वर्षीं कोपिंग या लहानशा गांवीं एक औषधालय चालविण्यास मनुष्य हवा होता. मालक वारला होता, दुकानावर कर्ज होतें, आणि विधवा सारा पोल हिच्यावर सर्व भार पडला होता. शेले तेथें गेला. मध्यंतरीं दुसरा एक गिऱ्हाईक दुकान विकत घेण्यास पुढें आला. पण गांवकऱ्यांनीं शेलेची बाजू घेतली, आणि अखेर दुकान त्याच्याकडे आलें. पुढील वर्षांत त्यानें तें कर्जमुक्त केलें.

आतां स्वतःच्या नांवावर औषधालय चालवावयाचें तर रीतसर परीक्षा देणें भाग होतें. १७७७ च्या शरदृतूंत शेले स्टॉकहोम येथें गेला. एकाच खेपेंत दोन गोष्टी घडल्या. विज्ञान-परिषदेंत सभासद म्हणून तो प्रथमच, आणि पुढील इतिहास पाहतां शेवटचाच, आपल्या आसनावर बसला. व त्यानंतर थोड्याच दिवसांनीं वैद्यक मंडळासमोर औषधविक्रेत्याच्या परीक्षेस उमेदवार म्हणून उभा राहिला. उमेदवारीस लागल्यापासून वीस वर्षें लोटलीं होतीं. तो अर्थातच मोठ्या सन्मानानें उत्तीर्ण झाला.

विद्यार्थीमित्रांनो, या प्रसंगाचा विचार करा. जगांतील विद्वान् ज्याचे निबंध वाचीत होते, त्याला परीक्षकांपुढें उभें राहण्यांत लाज वाटली नाहीं. आणि उत्तीर्ण झाल्यावर त्यानें पुस्तकही मिटलें नाहीं. उलट, परीक्षेनंतरच्या नऊ वर्षांत त्यानें आंबट दुधांतून लॅक्टिक आम्ल, लिंबांतून सायट्रिक आम्ल, सफरचंदांतून मॅलिक आम्ल वेगळें केलें; ऑलिव्हच्या तेलांतून ग्लिसरीन काढलें; मॉलिब्डेनम व टंगस्टन या धातूंचीं आम्लें शोधलीं. दुकानाच्या नित्याच्या कामांतही तो सुधारणा करीत राहिला. सिरका नासूं नये म्हणून तो बाटल्यांत भरून उकळत्या पाण्यांत तापवावा, ही साधी युक्ति त्यानें १७८२ मध्यें सांगितली. कॅलोमेल नांवाचें पाऱ्याचें औषध तयार करण्याची सोपी रीतही त्यानें बसविली.

परंतु चरित्र लिहिणाऱ्यानें नायकाच्या उणिवा झांकूं नयेत. पदार्थ जळतो म्हणजे त्यांतून फ्लॉजिस्टन नांवाचें तत्त्व बाहेर पडतें, हें जुनें मत शेलेनें तरुणपणीं वाचलें होतें, आणि तें तो शेवटपर्यंत सोडूं शकला नाहीं. प्राणवायु हातांत असूनही ज्वलनाचा खरा अर्थ त्याला उमगला नाहीं; तो फ्रान्समध्यें लाव्हॉइझिए यानें लाविला. दुसरें असें कीं, नव्या पदार्थाचा वास घेणें व चव पाहणें ही त्या काळची रीत होती. शेलेनें १७८२-८३ मध्यें शोधलेल्या प्रसिक आम्लाचीही चव लिहून ठेविली आहे. तें किती भयंकर विष आहे, हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. सोमलापासून त्यानें बनविलेला सुंदर हिरवा रंग पुढें एकोणिसाव्या शतकांत भिंतींच्या कागदांवर व कृत्रिम फुलांवर चढला आणि त्यानें कित्येकांस बाधा झाली. कॅलोमेल तर औषध म्हणून आतां वापरांतून गेलें आहे. एका पिढीचें उत्तम औषध दुसऱ्या पिढीस अपायकारक म्हणून टाकावें लागतें. म्हणून, ज्यानें स्वतः इतकें शिकविलें त्या शेलेच्याच ज्ञानावर आज एखादा औषधविक्रेता थांबून राहील, तर तो रोग्यांचा घात करील!

थंडीच्या देशांत, अपुऱ्या उबेच्या जागेंत, विषारी वाफांमध्यें रात्रीच्या रात्री काढल्यानें शेलेची प्रकृति ढांसळली. संधिवातानें तो जर्जर झाला. दुकान सारा पोल हिच्याच हातीं राहावें म्हणून मरणाच्या दोनच दिवस आधीं त्यानें तिच्याशीं विवाह केला, आणि २१ मे १७८६ रोजीं, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, तो निवर्तला. ज्या खनिजांतून त्यानें टंगस्टनचें आम्ल काढलें, त्याला पुढें शीलाइट असें त्याच्याच नांवावरून म्हणूं लागले.

आपल्या देशांत १९४८ मध्यें फार्मसीचा कायदा झाला, आणि औषधें देणाऱ्यास शिक्षण व नोंदणी आवश्यक ठरली. २०१५ च्या नियमांनीं त्यापुढें एक पाऊल टाकिलें : नोंदणी झालेल्यानेंही अधूनमधून उजळणीच्या वर्गांस बसावें, अशी त्यांत योजना आहे. महाराष्ट्रांतही असे वर्ग भरतात. त्यांत कोणी केंस पिकलेले गृहस्थ वही घेऊन बसलेले दिसले, तर त्यांना हंसूं नका. त्यांच्या हातून ज्याला औषध मिळणार आहे, तो रोगी कदाचित् आपल्याच घरचा असेल. पालकांनींही आपल्या मुलांस एवढें अवश्य सांगावें कीं, परीक्षा ही दुकानाची किल्ली आहे. ती हातीं आल्यावर दार उघडून आंत जावयाचें असतें, आणि खरें काम तेथून पुढें सुरू होतें.