मुनिमाला कळणारी भाषा

सन १९८९. संगणकाचा कोर्स करायला मी नांदेडहून लातूरला मामांकडे राहायला गेलो होतो. मामा आडत दुकानात मुनीम. एका रात्री शेतकऱ्याची पट्टी काढण्याचा प्रोग्राम मी कोबॉल भाषेत वहीत उतरवला. वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई. पण सगळं इंग्रजी शब्दांत. मामांचं इंग्रजी सहीपुरतं. म्हणून ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली, आणि त्यांनी लगेच चूक पकडली. हमाली मी क्विंटलवर धरली होती. ती पोत्यावर असते!

पुढे ग्रेस हॉपरबाईंचं चरित्र वाचताना मला ती रात्र आठवली.

न्यूयॉर्कला ९ डिसेंबर १९०६ रोजी जन्मलेल्या या बाईंनी सातव्या वर्षी घरातली गजराची सात घड्याळं खोलून ठेवली होती. १९३४ साली येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट, व्हॅसार कॉलेजात अध्यापन. महायुद्धात वय जास्त आणि वजन कमी असूनही हट्टाने नौदलात शिरल्या आणि हार्वर्डच्या ५१ फूट लांब मार्क-१ यंत्रावर काम करू लागल्या.

१९४९ साली त्या युनिव्हॅक यंत्र बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. तिथे गिऱ्हाइकांची कामं म्हणजे पगारपत्रकं, मालाचा साठा, जमाखर्च. व्यवहार जाणणाऱ्याला यंत्राची भाषा येईना आणि यंत्र जाणणाऱ्याला व्यवहार कळेना. बाईंनी ठरवलं, हिशेबाची रीत साध्या शब्दांत लिहावी आणि तिचं भाषांतर यंत्रानेच करावं. यंत्राला शब्द कसे कळणार, असं सगळे म्हणत. १९५२ साली त्यांनी आपला पहिला कंपायलर तयार केला.

मग वरिष्ठांना त्यांनी इंग्रजी आज्ञांचा नमुना दाखवला. तोच नमुना फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवला, कारण यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे नुसत्या खुणा. पण साहेब लोक हादरले. अमेरिकन यंत्राला फ्रेंच कसं कळेल? बाईंनी फक्त इंग्रजी चालवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली आणि तिच्या पायावर १९५९ साली एका समितीने कोबॉलची आखणी सुरू केली. बाई तिच्या सल्लागार. म्हणून त्यांना कोबॉलची आजी म्हणतात.

१९८६ साली, ७९ व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. जगातल्या कितीतरी बँकांचे हिशेब आजही कोबॉलवर चालतात.

अमेरिकेतल्या हिशेबनिसाला जे इंग्रजी घरचं, ते आमच्या मामांना यंत्राइतकंच परकं होतं. मराठी शब्द यंत्राला जड गेले नसते, हे बाईंनी माझ्या जन्माआधीच दाखवून दिलं होतं. मामा आता नाहीत. ती वही मात्र मी जपून ठेवली आहे. हमालीच्या इंग्रजी ओळीशेजारी त्यांनी पेन्सिलीने लिहिलं आहे : पोत्यावर.