न फिटलेले ऋण
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

ह्यूएनत्संग हे नाव आपण सर्वांनीच शाळेच्या इतिहासात वाचलेले असते. अलीकडच्या पुस्तकांत ते युआन श्वांग असे छापतात. चिनी प्रवासी, नालंदेला शिकला, हर्षवर्धनाला भेटला, एवढे पाठ केले की दोन गुण पदरात पडतात. पण तो इथवर आला कसा, कोणाच्या आधाराने आणि कोणाच्या खर्चाने, हे कोणी विचारीत नाही. मी पडलो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी! त्याचे चरित्र वाचताना माझे लक्ष प्रथम जमाखर्चाकडे गेले, आणि त्या जमाखर्चातच मला हा माणूस सापडला.

इ. स. 602 च्या सुमारास लोयांगजवळ एका विद्वान घराण्यात त्याचा जन्म झाला. थोरल्या भावामागोमाग तो लहानपणीच बौद्ध मठात गेला. अभ्यास वाढला तसतसे त्याला दिसू लागले की धर्मग्रंथांची चिनी भाषांतरे एकमेकांशी जुळत नाहीत. मूळ पाहिल्याखेरीज शंका फिटणार नव्हती आणि मूळ ग्रंथ होते भारतात. तांग घराण्याचे राज्य तेव्हा नवे होते. सरहद्द ओलांडण्यास मनाई होती. त्याने परवानगी मागितली, ती नाकारली गेली. शेवटी 629 च्या सुमारास तो लपतछपत पश्चिमेकडे निघाला.

पुढे गोबीच्या पश्चिम टोकाचे वाळवंट होते. बरोबर एक वाटाड्या घेतला. एका म्हाताऱ्याने या वाटेने पंधरा वेळा जाऊन आलेला आपला रोडका तांबडा घोडा त्याला बदलून दिला. वाटाड्याने झाडे तोडून नदीवर पूल केला खरा. पण त्याच रात्री तो उपसलेली सुरी घेऊन झोपलेल्या भिक्षूच्या दिशेने आला. कायद्याची भीती त्याला खात होती. भिक्षू उठून प्रार्थना करीत बसला, तसा तो माघारी फिरला. दुसऱ्या दिवशी भिक्षूने त्याला परत जाऊ दिले, वर एक घोडाही दिला. मग घोड्यांच्या लिदीवरून आणि वाळूत पडलेल्या हाडांवरून वाट ओळखीत तो एकटाच चालला. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी सांडले. थोडे अंतर तो मागे फिरला. पण भारतात पोहोचल्याखेरीज पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही, ही प्रतिज्ञा आठवून त्याने पुन्हा तोंड पश्चिमेला वळविले. चार रात्री आणि पाच दिवस घशाखाली थेंब नव्हता. अखेर त्या म्हाताऱ्या घोड्यानेच वाट सोडली आणि त्याला गवताच्या कुरणात, पाण्याच्या डबक्यापाशी नेऊन उभे केले. माणूस वाटाड्या परत गेला. मुका वाटाड्या शेवटपर्यंत राहिला.

तुर्फानजवळच्या काओचांगचा राजा त्याच्या विद्वत्तेवर इतका लुब्ध झाला की त्याला सोडीचना. भिक्षूने तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केले तेव्हा राजा नमला. परतताना तीन वर्षे आपल्याकडे राहावे, एवढीच अट त्याने घातली. मग त्याने जी तरतूद करून दिली ती पाहून कोणताही हिशेबनीस थक्क होईल! शंभर औंस सोने, 30,000 चांदीची नाणी, रेशमाचे 500 ठाण, 30 घोडे, 25 नोकर. थंडीसाठी तोंडावरची आच्छादने, हातमोजे आणि बूट. शिवाय वाटेवरच्या राजांना 24 पत्रे. जणू 24 हुंड्याच! येण्याजाण्याच्या वीस वर्षांचा हा खर्च धरला होता. तारण काय? एका भिक्षूचा शब्द.

पुढे हिमपर्वत ओलांडताना बरोबरच्या माणसांपैकी दहांत तीनचार दगावले. पलीकडे पश्चिमेकडील तुर्कांच्या खानाची छावणी होती. या तुर्कांचे पूर्वज आजच्या मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यातून राज्य करीत. हिरव्या रेशमी झग्यातला खान, वेण्या घातलेले दोनशे सरदार, सोनेरी फुलांनी मढविलेला मोठा तंबू, सभोवती नजर पोहोचेल तिथवर घोडे आणि उंट! हे लोक अग्निपूजक. लाकडात अग्नी असतो म्हणून लाकडी आसनावर बसत नसत, पण पाहुण्यासाठी त्यांनी लोखंडी आसन मांडले. स्वतः मांस खाल्ले. त्याला भात, दूध, साखर, मध आणि द्राक्षाचा रस दिला. निघताना खानाने चिनी जाणणारा एक तरुण दुभाषा सोबत दिला. हिंडत्या लोकांना पाहुण्याची कदर जास्त असावी; कारण आज जो पाहुणा, तो उद्या आपण असतो.

नालंदेत शिलभद्रांपाशी शिकून तो दक्षिणेत उतरला. आंध्र, धान्यकटक, कांची करीत 641 च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. इथला राजा चालुक्य पुलकेशी. हर्षालाही जो नमला नाही. इथली माणसे साधी, प्रामाणिक, उपकार न विसरणारी आणि अपमान सहन न करणारी आहेत, अशी नोंद त्याने केली. त्याने वर्णिलेल्या लेण्यांच्या दाराशी दगडी हत्ती आहेत. ती अजिंठ्याचीच मानतात. देशाचे नाव महाराष्ट्र आणि राजधानी कन्नड मुलखातली बदामी! पुलकेशी आमचा की तुमचा, असा वाद आजही रंगतो. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या माझ्यासारख्याने बाजू तरी कोणती घ्यावी? आपले हैदराबादही 1956 पर्यंत मराठी, कन्नड आणि तेलुगू जिल्ह्यांची राजधानी होते, आणि अजिंठ्याची निगा याच राज्याचे पुरातत्त्व खाते राखीत होते. त्या परक्या प्रवाशाला मात्र हा प्रश्नच पडला नाही. त्याने राजा पाहिला, लोक पाहिले आणि दोन्ही एकाच पानावर लिहिले.

परतीला समुद्रमार्ग सोयीचा होता. तरी काओचांगला दिलेल्या शब्दाखातर त्याने पुन्हा डोंगर आणि वाळवंटच पत्करले. पण 640 मध्ये तांग फौजांनी ते राज्य जिंकले होते. राजा आधीच मरण पावला होता. देणे होते, देणारा आला होता, घेणाराच उरला नव्हता.

645 मध्ये तो वीस घोड्यांवर 657 ग्रंथ लादून राजधानी छांगआनला पोहोचला. पुढची एकोणीस वर्षे, 664 मध्ये मृत्यू येईपर्यंत, भाषांतर करीत राहिला; 75 ग्रंथ त्याने चिनी भाषेत आणले. आमच्या वहीखात्यात अशा येण्याला बुडीत म्हणतात. मला तसे वाटत नाही. एका राजाने दिलेले सोने ग्रंथांच्या रूपाने हजारो वाचकांपर्यंत पोहोचले. ज्याचे घेतले त्याला परत करता आले नाही, तर जो पुढे भेटेल त्याला द्यावे, हाच त्याचा हिशेब असावा. दोन भाषा फुकट पदरात पडलेल्या आपल्यासारख्यांनी तो ताळेबंद एकदा आपापल्या वहीत मांडून पाहावा.