रामशास्त्री प्रभुणे : खरा आज्ञाधारक सेवक

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दाखल्यांत 'आज्ञाधारक' हा शब्द आम्ही शिक्षक मोठ्या संतोषानें लिहितों. परंतु सांगितलेलें निमूटपणें करणें, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे काय? पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचें चरित्र डोळ्यांपुढें आणिलें म्हणजे त्याचा खरा अर्थ कळूं लागतो.

रामशास्त्र्यांचा जन्म साताऱ्याजवळील माहुली गांवीं झाला. लहानपणीं त्यांना विद्येचा गंध नव्हता. साताऱ्यास अनगळ सावकारांच्या घरीं ते शागिर्दाचें काम करीत. एके दिवशीं धन्याच्या पायांवर पाणी घालीत असतां त्यांची दृष्टि धन्याच्या कानांतील भिकबाळीवर खिळली व पाणी भलतीकडेच पडूं लागलें. असलें भूषण विद्वानानें किंवा शूरानेंच मिळवावयाचें असतें, असा टोमणा धन्यानें मारिला. तो जिव्हारीं लागून ते काशीस गेले व धर्मशास्त्रांत पारंगत होऊनच परतले, अशी कथा सांगतात.

पुढें ते पेशव्यांच्या पदरीं राहून मुख्य न्यायाधीश झाले. इ. स. 1761 मध्यें माधवराव अवघ्या सोळाव्या वर्षीं गादीवर बसले. हे तरुण पेशवे जपानुष्ठानांत इतके रमूं लागले कीं, राज्याचीं कामें खोळंबलीं. शास्त्रीबुवांनीं याची कुजबूज इतरांपाशीं केली नाहीं. ते सरळ धन्यापुढें उभे राहिले व काशीस जाण्याची रजा मागूं लागले. कारण विचारतां त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, जपच करावयाचा असेल तर राज्य सोडून आपण दोघेही गंगातीरीं जाऊं. राज्य ठेवावयाचें असेल तर प्रजेचें पालन हाच धर्म होय. माधवरावांनीं तें मानिलें, आणि शास्त्रीबुवाही मुकाट्यानें आपल्या कामास लागले.

एवढें धैर्य त्यांच्या अंगीं कोठून आलें? दिवसाच्या गरजेपुरतेंच धान्य घरांत ठेवावें, अशी त्यांची राहणी होती, असें इतिहासकार लिहितात. ज्याला पदापासून कांहीं साठवावयाचें नाहीं, त्याला पद जाण्याचें भय कसलें?

खरी कसोटी पुढेंच होती. 1772 मध्यें माधवराव निवर्तले. त्यांचे धाकटे बंधु नारायणराव यांचा 30 ऑगस्ट 1773 रोजीं शनवारवाड्यांत गारद्यांनीं खून केला, आणि चुलते रघुनाथराव पेशवे झाले. रामशास्त्र्यांनीं कित्येक आठवडे या प्रकरणाचा शोध केला. तो माग नव्या धन्याच्याच दारापाशीं येऊन पोहोंचला. आज्ञापत्रांतील 'धरावें' या शब्दाचें 'मारावें' झालें, असें लोक आजही सांगतात. येथें गप्प बसण्यास सबबींचा तोटा नव्हता. तरी शास्त्रीबुवांनीं रघुनाथरावांच्या तोंडावर त्यांचा अपराध त्यांच्या पदरीं घातला, व या पातकास देहान्तावांचून प्रायश्चित्त नाहीं, असा निर्णय दिला. त्यांच्यापाशीं फौज नव्हती. पद होतें, तें त्यांनीं खालीं ठेविलें. रघुनाथराव अधिकारावर असेपर्यंत पुण्यांत पाऊल टाकणार नाहीं, असें सांगून ते वाईजवळील एका खेड्यांत जाऊन राहिले. बारभाईंचा कारभार स्थिरावल्यावर ते पुनः न्यायासनावर आले आणि 1789 मध्यें मरण पावले.

दोन धन्यांशीं ते दोन प्रकारें वागले, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. माधवराव चुकले तेव्हां ते बोलले आणि राहिले. रघुनाथरावांच्या हातून घोर अन्याय घडला तेव्हां ते बोलले आणि निघून गेले. दोन्ही वेळां त्यांची निष्ठा एकच होती. धनी व सेवक हे दोघेही ज्या कार्यासाठीं असतात, त्या कार्याशीं ती होती. आमच्या पवित्र शास्त्रांत नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचें पाप दाखवावयास गेला; शास्त्रीबुवाही त्याच मालिकेंत शोभतात.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुम्ही एखाद्या कचेरींत वा कारखान्यांत कोणाच्या हाताखालीं काम कराल. हुकूम मनापासून पाळा. वरिष्ठ चुकले तर मागें निंदा न करतां समोर नम्रपणें सांगा. आणि अन्यायाला हात लावण्याची वेळ आली तर तो आंखडून घ्या, मग भाकर गेली तरी चालेल. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें आदरपूर्वक विचारलेल्या प्रश्नाला उर्मटपणा समजूं नये. दाखल्यावर 'आज्ञाधारक' हा शब्द लिहितांना आमच्या मनांत असाच विद्यार्थी असतो.