ब्रायन क्लफ

इंग्लंडच्या ईशान्य भागातील मिडल्सब्रो हे पोलादाच्या कारखान्यांभोवती वाढलेले शहर. तेथे २१ मार्च १९३५ रोजी ब्रायन क्लफचा जन्म झाला. वडील मिठाईच्या कारखान्यात काम करीत. घरात भावंडे पुष्कळ होती. अभ्यासात ब्रायनचे मन रमत नसे. अकराव्या वर्षी द्यावयाच्या परीक्षेत तो नापास झाला आणि लवकरच शाळा सोडून एका रसायनांच्या कारखान्यात किरकोळ कामे करू लागला. त्याचे सारे लक्ष फुटबॉलकडे होते.

१९५५ मध्ये तो मिडल्सब्रोच्या संघातून प्रथम खेळला. गोल करणे एवढेच आपले काम, असे तो मानी. ते काम मात्र त्याने असे केले की, लीगच्या २१३ सामन्यांत त्याच्या नावावर १९७ गोल जमा झाले. स्वभाव तिखट आणि जीभ त्याहून तिखट, त्यामुळे सहकाऱ्यांशी त्याचे खटके उडत. शिवाय त्याचा संघ दुसऱ्या श्रेणीत खेळणारा. पहिल्या श्रेणीतील बलाढ्य संघांपुढे याची डाळ शिजेल काय, अशी शंका टीकाकार घेत. १९६१ साली तो संडरलँडच्या संघात गेला. तोही दुसऱ्याच श्रेणीत होता. परंतु वर चढण्याच्या तयारीत होता.

२६ डिसेंबर १९६२ रोजी संडरलँडच्या मैदानावर बरी या संघाशी सामना होता. कडाक्याच्या थंडीने जमीन दगडासारखी झाली होती आणि त्या दिवशी इतर ठिकाणचे कित्येक सामने रद्द करावे लागले होते. त्या हंगामात क्लफने लीगच्या २४ सामन्यांत २४ गोल केले होते. पुढे आलेल्या एका चेंडूमागे तो वेगाने धावला. त्याच क्षणी समोरून गोलरक्षकाने झेप घेतली आणि त्याचा खांदा क्लफच्या गुडघ्यावर आदळला. क्लफने उठण्याचा प्रयत्न केला, पण पाय साथ देईना. तो सोंग करीत आहे, अशी तक्रार प्रतिपक्षाच्या एका खेळाडूने पंचांकडे केली. ती गोष्ट क्लफ पुढे कधीही विसरला नाही.

गुडघ्याची हाडे एकत्र बांधून ठेवणारे अस्थिबंध तुटले होते. आज अशा दुखापतीनंतर शस्त्रक्रिया करून अनेक खेळाडू पुन्हा मैदानात उतरतात. त्या काळी तसा उपाय नव्हता. पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. पुढे गुडघ्यात बळ यावे म्हणून तो मैदानाच्या रिकाम्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढे आणि उतरे. तो असा झगडत असतानाच, १९६४ मध्ये, संडरलँडचा संघ त्याच्यावाचून पहिल्या श्रेणीत पोहोचला.

त्याच वर्षी सप्टेंबरात क्लफ अखेर मैदानावर आला. पहिल्या श्रेणीतील तीन सामने तो खेळला आणि एक गोलही त्याने केला. पण पूर्वीची चपळाई उरली नव्हती. टीकाकारांच्या शंकेचे उत्तर त्या तीन सामन्यांत मिळण्यासारखे नव्हते. वयाच्या २९ व्या वर्षी त्याचा खेळ संपला. लीगचे २७४ सामने आणि २५१ गोल, एवढा हिशेब मागे राहिला.

काही काळ त्याने संडरलँडच्या लहान मुलांना खेळ शिकविला. स्वतःखेरीज दुसऱ्याच्या खेळाकडे तो येथेच प्रथम बारकाईने पाहू लागला असावा. १९६५ मध्ये हार्टलपूलच्या संघाने त्याला व्यवस्थापक नेमले. हा चौथ्या श्रेणीतील अगदी तळाचा, गरीब संघ. वेळ पडल्यास संघाची बस आपणच चालवावी म्हणून क्लफने तिचा परवाना काढला! जुना मित्र पीटर टेलर त्याच्या मदतीला होता. या जोडीने पुढे डर्बी काउंटीचा संघ दुसऱ्या श्रेणीतून वर आणला आणि १९७२ मध्ये इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले. १९७८ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनेही तेच केले. एवढ्यावरच न थांबता १९७९ आणि १९८० या लागोपाठच्या वर्षी त्या संघाने युरोपीय चषक जिंकला.

क्लफ १९९३ मध्ये निवृत्त झाला आणि २० सप्टेंबर २००४ रोजी मरण पावला. लहानपणी राहत होता त्या भागातील अल्बर्ट उद्यानात २००७ साली त्याचा पुतळा उभारण्यात आला. तो विजेत्या संघाच्या व्यवस्थापकाचा नाही. खेळाचे बूट खांद्यावर टाकून मिडल्सब्रोच्या मैदानाकडे पायी निघालेल्या तरुण ब्रायनचा तो पुतळा आहे.