खंडित अभ्यास आणि बाबासाहेब
बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. पुढच्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि त्यांना मायदेशी परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊनच ते निघाले. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून बचत करून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये परत गेले व बॅरिस्टर झाले. १९२८ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक, १९३५ मध्ये तेथेच प्राचार्य आणि १९४७ मध्ये संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. परिस्थितीने शाळा सुटलेल्या प्रत्येक लेकरासाठी परतीची वाट मोकळी ठेवणे, हेच आम्ही त्यांना खरे अभिवादन मानतो.