वॉली बायम : आधी हात, मग ड्रॉइंग

हॉस्टेलवर रात्री दोन वाजता जे बेत ठरतात, त्यांत एक बेत दर वर्षी असतोच. जुनी पिकअप घ्यायची, मागच्या हौद्यावर प्लायवूडची खोली ठोकायची आणि थेट लडाख! ड्रॉइंगही तिथेच निघतं, असाइनमेंटच्या मागच्या कोऱ्या पानावर. अशा सगळ्या बेतबहाद्दरांना मी आज एका माणसाची ओळख करून देणार आहे. आपल्या अभ्यासक्रमात तो मला कुठे भेटला नाही, पण घराला चाकं लावणाऱ्यांच्या जगात त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. वॉली बायम.

वॉलीचा जन्म ४ जुलै १८९६ चा, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला. पोरवयात तो मेंढ्या राखायचा. मुक्काम गाढवाने ओढायच्या दोन चाकी गाडीत. आत रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याची बादली, शिधा आणि अंथरूण, बस्स. पुढे तो स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकला, लॉस एंजेलिसला आला, आधी जाहिरातीच्या आणि मग मासिकांच्या धंद्यात पडला. लक्षात घ्या मित्रांनो, हा गडी इंजिनीअर नव्हता!

१९२० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट सांगतात. वॉलीच्या मासिकात एक लेख आला. मोटारीमागे ओढायचा राहता ट्रेलर घरच्या घरी कसा बनवावा, असा विषय. सोबत ड्रॉइंग. वाचकांनी हौसेने काम सुरू केलं आणि तक्रारींची पत्रं येऊ लागली. या ड्रॉइंगवरून ट्रेलर काही बनत नव्हता. दुसरा कोणी असता तर चार ओळींचं शुद्धिपत्र छापून मोकळा झाला असता. वॉलीने मात्र ते ड्रॉइंग घेऊन स्वतः बनवून पाहिलं. वाचकांचंच खरं निघालं.

मला विचाराल तर त्याच्या आयुष्याला इथे वळण लागलं. त्याने फोर्ड मॉडेल टीची चासी घेतली, तिच्यावर सपाट तळ बांधला आणि वर तंबू. पण मुक्कामाला पोचल्यावर, तेही पावसात, तंबू उभारायचा म्हणजे नको जीव व्हायचा. त्यात पत्नी मॅरियनने स्वयंपाकघराशिवाय यायला साफ नकार दिला. मग वॉलीने तंबू काढून थेंबाच्या आकाराची पक्की खोली बसवली. आत बर्फाची पेटी आणि रॉकेलचा स्टोव्ह. तरी एक अडचण उरलीच. आत वाकून वावरावं लागे. त्याने तळ दोन चाकांच्या मध्ये खाली उतरवला, छत थोडं वर घेतलं, आणि माणूस ताठ उभा राहू लागला. शिवाय वजनही जमिनीजवळ आलं, हा फायदा वेगळाच.

आता त्याने आपली कृती छापली आणि नकाशे विकायला काढले. फरक एवढाच की हे ड्रॉइंग बनवून पाहिलेलं होतं. मागणी वाढली तसं परसातलं काम कारखान्यात गेलं आणि एअरस्ट्रीम कंपनी उभी राहिली. १९३६ साली क्लिपर नावाचा ट्रेलर आला. विमानासारखे ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडलेले, चार जणांची झोपायची सोय, किंमत १२०० डॉलर. पण श्रेय ज्याचं त्याला द्यायला हवं. असा चकचकीत ट्रेलर हॉली बोलस याने १९३४ मध्येच केला होता. लिंडबर्गचं प्रसिद्ध विमान बांधण्याच्या कामावर देखरेख करणारा तोच हा बोलस. त्याच्या ट्रेलरचं दार पुढे, जोडणीच्या वर होतं. वॉलीने ते बाजूला आणलं. बदल छोटा, पण आत-बाहेर करणाऱ्याला विचारा!

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं. वॉलीने कारखाना बंद केला आणि स्वतः विमान उद्योगात कामाला गेला. युद्ध संपल्यावर पुन्हा सुरुवात. १९५० च्या दशकात तो ट्रेलरवाल्यांचे तांडे घेऊन देशोदेशी निघू लागला. १९५९-६० मध्ये ४१ ट्रेलर घेऊन त्याने केपटाउन ते कैरो असा आफ्रिका खंड उभा कापला. चिखल, खडक, नद्या, मोडतोड, सगळं झालं. माझ्या मते ही त्याची खरी टेस्टिंग लॅब होती.

२२ जुलै १९६२ ला तो गेला. सात वर्षांनी चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघांना संसर्गाच्या भीतीने वेगळं ठेवायचं होतं. त्यासाठी नासाने वापरली ती खोली म्हणजे एअरस्ट्रीमचाच एक बदललेला ट्रेलर.

आता थोडं आपल्याबद्दल. फायनल इयरचा प्रोजेक्ट हल्ली तयार मिळतो, रिपोर्टसकट, बाइंडिंग करून. वायवाही निभावतो, मार्कही पडतात. पण आपण न बनवलेल्या वस्तूच्या ड्रॉइंगवर आपलं नाव घालायचं, याचा अर्थ काय होतो ते वॉलीला त्या पत्रांनी शिकवलं. त्याचे वाचक निदान पत्रं तरी लिहीत होते. उद्या आपल्या ड्रॉइंगवरून उभ्या राहिलेल्या पुलावरून जाणारा माणूस आपल्याला पत्र लिहायला थांबणार नाही. तेव्हा दोस्तहो, प्रोजेक्ट छोटा घ्या, वाकडा होऊ द्या, वर्कशॉपमधल्या मामांची बोलणी खा, पण एकदा तरी आपल्या हाताने बनवा.