पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. लहानपणीच आईबापांचे छत्र हरपले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मुलाला छर्‍याच्या बंदुकीचा मोठा नाद. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी त्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठविले. तेथे मिलर्ड नावाच्या साहेबांनी ती रानचिमणी ओळखून दिली, आणि पेंढा भरून ठेवलेल्या शेकडो पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली. सलीमचे आयुष्य तेथेच ठरले.

पुढे ते मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात माहिती देण्याचे काम करू लागले व बर्लिनला जाऊन पक्षिशास्त्र शिकून आले. परत येऊन पाहतात, तो पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! विद्यापीठाची पदवी नसल्याने दुसरी नोकरीही मिळेना. तेव्हा त्यांनी एक विलक्षण मार्ग काढला. संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी आपण वेतनावाचून करू. केवळ प्रवासाचा खर्च मिळावा, अशी तयारी त्यांनी दाखविली. १९३१ साली हैदराबाद संस्थानाच्या पाहणीस आरंभ झाला. पत्नी तेहमीना याही तंबूत राहून त्यांना साथ देत.

आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने याच संस्थानात मोडत असे. हा मुलूख कोरडा. बाभळी, कडुनिंब आणि खुरटी झुडपे यांचा. अशा विरळ रानांत मराठा सुतार नावाचा पक्षी राहतो. १८०१ साली लॅदम या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच्या शास्त्रीय नावात मराठ्यांचे नाव घातले. अंगावर काळपट-तपकिरी रंगात पांढरे ठिपके, कपाळ पिवळे. नराच्या डोक्यामागे तांबडा तुरा. ताठ शेपटीचा टेकू देऊन तो खोडावर उभा चढतो, चोचीने साल फोडतो आणि लांब जिभेने आतील अळ्या व मुंग्या टिपतो. घरट्यासाठी वठलेल्या फांदीत तो ढोली कोरतो. त्याने सोडलेल्या ढोलीत मागाहून दुसरे लहान पक्षी संसार थाटतात, कारण बहुतेकांना लाकूड कोरता येत नाही. वठलेले झाड सरपणाला तोडले, की सुताराचे घर जाते आणि त्याच्या मागून येणार्‍यांचेही.

त्या काळच्या रीतीप्रमाणे सलीम अलींनाही नमुन्यासाठी पक्षी मारावे लागत. परंतु त्यांचे मन रमे ते जिवंत पक्ष्यात. तो कोणत्या झाडावर बसतो, काय खातो, पिलांना कसे वाढवितो, हे ते तासन् तास बसून टिपीत. १९३० साली किहीम येथे त्यांनी सुगरणीची घरटी अशीच चिकाटीने अभ्यासिली होती.

१९३९ साली तेहमीना निवर्तल्या. ते दुःख पोटात घालून त्यांनी काम चालूच ठेविले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे चित्रमय पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखता येऊ लागले. रिप्ले या अमेरिकन मित्रासह त्यांनी दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा बहुमान लाभला. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचा देहान्त झाला. त्यानंतर दहा वर्षांनी धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाटाचे रान अभयारण्य म्हणून राखण्यात आले.